तीन बाप्यांचा कोर्स

ऑनलाइन शिक्षणात यश मिळवायला काय लागतं, ते मला विचारा. घरात एक बाई लागते.

वडपे गावच्या ज्या गोडाऊनमध्ये आम्ही कामाला आहोत, तिथं शिफ्ट इन्चार्जची एक जागा निघाली. सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करा, पास होईल त्याचा विचार करू, असं साहेबांनी सांगितलं. आमच्या आळीतले तीन बाप्ये लगेच विद्यार्थी झाले. आमचे हे, म्हणजे केसरीनाथ, पुतण्या दीपेश, आणि शेजारचा भूपेश. दीपेशने तर पहिल्याच दिवशी स्टेटस ठेवलं, ‘शिकायला वय नसतं.’ त्याचं वय सव्वीस.

मी तिथंच पॅकिंगला. मला कोणी विचारलं नाही, मग मीही कोणाला विचारलं नाही. माझ्या नावाचा फॉर्म भरून टाकला.

कोर्स अवघड नव्हता, चिकट होता. दर पाच मिनिटांनी व्हिडिओ थांबायचा आणि विचारायचा, ‘आपण पाहत आहात ना?’ बटण दाबलं नाही तर धडा परत पहिल्यापासून. बाप्यांना हा फार मोठा अपमान वाटला.

“काकी, तू भाकऱ्या करतेस ना, तवर जरा दाबत राहा,” म्हणून दीपेशने फोन ओट्यावर ठेवला. त्याच्यामागून ह्यांचा आला. मग खिडकीतून हात लांबवून भूपेशने आपला दिला.

तीन फोन ओट्यावर, चौथा माझा डाळीच्या डब्याला टेकवलेला. जड माल खाली, हलका वर. आधी आलेला माल आधी बाहेर. एकेक धडा चार-चार वेळा कानावरून गेल्यावर दगडालाही पाठ झाला असता. धड्याच्या शेवटी प्रश्न यायचे, तेही पिठाच्या बोटांनी मीच सोडवायची. निकाल आला की हे तिघं अंगणात बसून मार्कं जुळवायचे.

“मना नव्वद.”

“मना पन नव्वद!”

“अभ्यास केला का होते,” हे म्हणायचे, आणि आत बघून चहा मागायचे.

शेवटची परीक्षा रविवारी अकराला, घरूनच, पण कॅमेरा चालू ठेवून. बाप्यांनी बेत केला. तिघं बाहेरच्या खोलीत बसणार, प्रश्न मोठ्यानं वाचणार. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बोटं दाखवणार. एक बोट म्हणजे पहिलं उत्तर, दोन म्हणजे दुसरं. अकराला दहा कमी असताना मी माझा फोन उचलला.

“माझा पन पेपर हाय.”

“कसला पेपर?”

“तुमचाच.”

“वयनी, मस्करी नको,” भूपेश म्हणाला. “आधीच टेन्शन हाय.”

“तू इन्चार्ज होऊन करनार काय?” ह्यांनी विचारलं.

“तुम्ही होऊन काय करनार व्हते?” मी म्हटलं, आणि दार आतून लावून घेतलं.

बाहेर तिघंही त्या दाराकडे बघत राहिले, आत्ता उघडेल, मग उघडेल. फोनला ते आवडेना. ‘नजर स्क्रीनवर ठेवा’ असं तीनदा बजावून त्यानं तिघांचेही पेपर बंद केले. लग्नाला बावीस वर्षं झाली. ह्यांनी माझी इतकी एकटक वाट पहिल्यांदाच पाहिली.

मला ब्याऐंशी मार्क पडले. पण मंगळवारी आम्हा चौघांना ऑफिसात बोलावलं. कोर्सचं काम बघणाऱ्या हेमाली मॅडम समोर कागद घेऊन बसल्या होत्या.

“सुवर्णाताई, तुमचा निकाल रोखलाय. सहा आठवड्यांची तुमची उत्तरं या तिघांशी तंतोतंत जुळतात. चुकलेलंसुद्धा तेच. तुम्ही यांची कॉपी केलीत.”

 मी तिघांकडे पाहिलं. तिघं लाद्या मोजत होते.

“नवरा घरात मदत करतोच म्हणा,” मॅडम समजूतदारपणे म्हणाल्या. ह्यांनी नाही म्हटलं नाही.

“चुकलेलं उत्तर कंचं?” मी विचारलं.

“आग लागली तर सगळ्यात आधी काय करायचं? कोर्समध्ये सांगितलंय, अलार्म. तुम्ही चौघांनी मेन स्विच लिहिलंय.”

“का लिवलं, ते विचारा ना सगल्यांना.”

मॅडमनी विचारलं. भूपेश म्हणाला, “असंच, अंदाजानं.” दीपेश म्हणाला, “व्हिडिओतच तसं सांगितलेलं, मॅडम.” ह्यांच्या लाद्या अजून मोजून झाल्या नव्हत्या.

“शेलार गावात माझ्या भावाच्या लूमच्या कारखान्यात आग लागली व्हती,” मी म्हटलं. “पयले सगले बोंबलत सुटले. मग पानी मारलं. करंट चालूच. भावाची मूठ अजून वळत न्हाय. तुम्ही चूक देता, मना ठाऊक हाय. तरी मी दर वेळी मेन स्विचच लिवलं. मार्क कापा, पन ते उत्तर माझं हाय.”

मॅडमचं पेन थांबलं. “दर वेळी म्हणजे?”

 खरं सांगितलं असतं तर तिघांच्या नोकरीवर आलं असतं, आणि त्यातला एक माझा नवरा होता.

“चारी फोनांवर म्हंजे,” हे म्हणाले. दीपेशने त्यांना कोपर मारलं. त्यांनी ते सरळ बाजूला केलं. “आमचे पन हिनंच सोडवले, मॅडम. आमी एक धडा बघला न्हाय.”

तिघांना लेखी समज मिळाली. माझा निकाल सुटला, आणि पास झालेली मी एकटीच असल्यानं मला जागा मिळाली, सोमवारपासून, सकाळची शिफ्ट.

हायवेच्या कडेनं रिक्षाकडे जाताना हे बराच वेळ पुढं पुढं चालले. मग थांबले.

“मंग सोमवारपासून माझी हजेरी तू मांडनार?”

“व्हय.”

“आन उशीर झाला तं?”

“तं उशीर मांडीन.”

त्यांनी मान हलवली. रिक्षा आली, तेव्हा दीपेश आधी चढायला निघाला. ह्यांनी त्याची कॉलर धरून त्याला मागं ओढलं आणि मला म्हणाले, “बस.”