साथीला एक जुना प्रोसेसर

मित्रांनो, संगणकाचं झाकण उघडलंत तर आधी दिसेल तो पंखा. त्याखाली धातूचा जाड ठोकळा, आणि त्या ठोकळ्याखाली दडलेली बिस्किटाएवढी चौकोनी चिप म्हणजे मी. मी एक जुना प्रोसेसर आहे. संगणकाची सगळी आकडेमोड माझ्या माथी असते, तरी माझं ना काही हलताना दिसतं, ना वाजताना ऐकू येतं. काम केलं की मी तापतो, एवढीच माझी खूण. मी तापलो की पंखा जोरात फिरतो, निवलो की हळू.

माझा जन्म परदेशातल्या अशा कारखान्यात झाला, जिथे धुळीच्या कणालाही मज्जाव असतो. आणि नशिबात काय, तर भिवंडी, जिथे सुताची पिंज हवेत तरंगत असते! जन्मतःच आमची पारख होते. भराभर धावणारे महाग ठरतात, जपून चालणारे स्वस्त. मी स्वस्तातला. कामाचे हात, ज्यांना कोर म्हणतात, ते मला दोनच.

पहिली नोकरी मानकोलीच्या एका गोदामात लागली. ट्रकमध्ये चढणाऱ्या मालाच्या चिठ्ठ्या मी छापायचो. उन्हाळ्यात वरचा पत्रा रटरटायचा, ड्युटीवरची माणसं घामाने भिजायची, पण मी कधी बंद पडलो नाही. "हा आपला गुणाचा हाय," असं तिथले लोक म्हणायचे. मग नवे संगणक आले आणि माझी रवानगी भूपेशच्या दुरुस्तीच्या दुकानात झाली. त्याने मला सोडवून मिठाईच्या रिकाम्या डब्यात टाकलं. पेढ्यांचा वास तेवढा सोबतीला उरला.

त्या डब्यात आणखी एक जण होता. तोही जुना, तोही स्वस्तातला, पण चार कोरचा आणि माझ्याहून चपळ. आमचं दोघांचं बूड एकाच खाचेत बसायचं. म्हणजे जागा एक आणि उमेदवार दोन.

एके दिवशी दुकानात सुकन्या आली. ही रघूबुवांची मुलगी. रघूबुवा मूळचे दिघाशी गावचे. पोटासाठी भिवंडीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करायचे आणि जिवासाठी कीर्तन. दिघाशीच्या सप्ताहात शेवटच्या दिवशीचं काल्याचं कीर्तन त्यांचंच असायचं. यंदा मात्र सप्ताहाआधीच त्यांच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन ठरलं होतं. आवाज राहील की जाईल, हे डॉक्टर सांगू शकत नव्हते.

"तो आवाज जायच्या आत एकदा पुरता धरून ठेवायचाय रे," सुकन्या म्हणाली. "चित्रासकट."

"देवाचं काम हाय, मशीन माझ्याकडून घेऊन जा," भूपेश म्हणाला. "फक्त दोघांतला कुठला बसवू, ते बघू."

त्याने आम्हा दोघांना आळीपाळीने बसवून एकच व्हिडिओ करायला दिला. चार कोरवाल्याने हातातला चहा निवायच्या आत काम उरकलं. माझ्या वेळी चहा पिऊन झाला, पेला विसळून झाला, तरी माझं चालूच!

"ये तो बैलगाडी हाय," भूपेश हसला. "तो बघ, गरिबाचा राजा! तापतो थोडा, पण काम बघ ना त्याचं."

शेजारच्या लूम खडखडत होत्या. त्या गोंगाटात आमच्या डोक्यावरच्या पंख्याकडे कुणाचे कान जाणार? चार कोरवाला मशीनमध्ये बसला. मी डब्यासकट सुकन्याच्या पिशवीत गेलो, अडीनडीला असावा म्हणून.

बुवांचं घर एकाच खोलीचं, आणि भिंतीला भिंत लूमची. शुक्रवारी लूमना सुट्टी. तेवढाच शांततेचा दिवस. ऑपरेशनच्या आधी असे मोजकेच शुक्रवार हाताशी होते. पेटी नको, असं बुवांनीच सांगितलं होतं. "पेटी आली का मला जोर चढतो," म्हणाले. त्यांच्या हातात चिपळ्या, त्यांच्या पत्नी ठकुबाईंच्या हातात टाळ, समोर रेकॉर्डिंगला लावलेलं मशीन, आणि फळीवरच्या डब्यातून ऐकणारा मी.

बुवांनी खालच्या सुरात अभंग धरला. अहाहा! गोदामातले भोंगे ऐकत आयुष्य काढलेला मी, माझ्यातून वीज वाहत नव्हती तरी अंग शहारलं म्हणा. पण थोड्या वेळाने आवाज वर सरकू लागला. आणखी वर गेला. मग चिरला, आणि बुवांना खोकल्याची उबळ आली.

"आवं, आज कुठं चढत चाललाव?" ठकुबाई म्हणाल्या. "खाली या की जरा."

"मी चढलो न्हाय, ठकू. सूर हाय तिथंच हाय."

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. गळा सुजला. आता एकच शुक्रवार राहिला.

सुकन्या हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकत बसली. अचानक तिने ते काढले. "बाबा, तुम्ही मशीनच्या पंख्याला लावून गाताय! पंखा जोरात फिरायला लागला की त्याचा सूर चढतो, आणि त्याच्यामागून तुमचा."

बुवा हसले. "जन्म गेला तंबोऱ्याला लावून गाण्यात, पोरी. एकसारखं काय वाजलं का गळा जाऊन त्याला बिलगतो. त्याला मी काय करू?"

भूपेशला बोलावलं. त्याने पंखा एकाच वेगाला बांधला, तर चार कोरवाला तापून मशीनच बंद पडलं. चित्र सोडून नुसता आवाज घ्यायचं काम दिलं, तरी तो मधेच उसळायचा. तो वाईट नव्हता, मित्रांनो. त्याचा स्वभावच उसळीचा.

"मशीन दुसऱ्या खोलीत ठेवा ना," भूपेश म्हणाला.

"आण दुसरी खोली, ठेवू," ठकुबाई म्हणाल्या.

तेव्हा सुकन्याचं लक्ष फळीवरच्या डब्याकडे गेलं.

"वो बैलगाडी?" भूपेशने कपाळाला हात लावला. "चित्र अडखळेल बघ त्याच्यावर."

सुकन्याने वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं. चित्रासाठी ती हौसेने त्यांचा फेटा धुऊन, वाळवून, घडी घालून बसली होती. तिने ती घडी बाजूला सारली. "चित्र नको. आवाज तेवढा मिळू दे."

"भूपेश, मृदंगवाला लय पळवायला लागला का कीर्तनकाराची दमछाक होते," बुवा म्हणाले. "बसव तुझी बैलगाडी."

शेवटचा शुक्रवार आला. लूम थांबल्या. मला धाकधूक होती. चित्राचं ओझं उतरलं होतं, तरी सगळं माझ्या दोनच हातांवर होतं. मी जपून चालत राहिलो. पंखा माझ्या डोक्यावर एकाच संथ सुरात घुमत राहिला. बुवांनी तो सूर ऐकला, डोळे मिटले आणि त्यावर आपला आवाज अलगद ठेवला. थकले की थांबायचे, घोटभर पाणी घ्यायचे, पुन्हा त्याच सुरात उभे राहायचे. कृष्णाने सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या, कुणाची भाकर, कुणाचं दही, कुणाचं लोणचं, आणि तो घास सगळ्यांच्या मुखी गेला, तिथवर कीर्तन पोचलं. गजर झाला. गळा फाटला नाही. बुवांनी ठकुबाईंकडे पाहून मान डोलावली आणि मशीनलाही हात जोडले.

ते तुकडे जोडायचं, मधला खोकला काढायचं काम भूपेशच्या दुकानात चार कोरवाल्याने केलं, आणि चहा निवायच्या आत केलं. ज्याचं काम त्याने करावं. मला त्याचा हेवा वाटला नाही.

ऑपरेशन झालं. बुवा वाचले, आवाज गेला. आता नुसती कुजबुज उरली आहे.

सप्ताहाच्या शेवटच्या सकाळी मला पुन्हा मशीनमध्ये बसवून दिघाशीला नेलं. मंडपात हंडी बांधली होती. "मागची पंख्याची घूं घूं काढू का? एका मिनटाचं काम हाय," भूपेशने विचारलं. बुवांनी त्याचा हात धरला आणि जवळ ओढून कुजबुजले, "तो माझा साथीदार हाय. राहू दे."

मग त्यांचा आवाज मंडपभर पसरला. बुवा स्वतः चिपळ्या घेऊन उभे होते. ओठ हलत होते, आवाज स्पीकरमधून येत होता. डोक्याला तो घडीचा फेटा होता. पहिल्या ओळीतल्या राहीबाईंनी डोळे पुसत ठकुबाईंना विचारलं, "तंबोऱ्याला कोन बसलेला गो? लय गोड धरलाय."

ठकुबाईंनी टाळ न थांबवता मशीनकडे बोट दाखवलं. "आमच्या घरचाच हाय."

मित्रांनो, गोंगाटात कोण किती पळतो एवढंच कळतं. कोणाच्या सोबतीने गाता येईल, हे ऐकायला लूम थांबाव्या लागतात. म्हणून जुनी वस्तू भंगारात देण्याआधी घटकाभर शांत बसून तिचं ऐका. आणि तिच्यावर बसलेली पिंज तेवढी झाडत जा.

बुवा झाडतात. दर शुक्रवारी दाढीच्या जुन्या ब्रशने माझा पंखा साफ करतात आणि मशीन सुरू करतात. कीर्तन लावत नाहीत. मी आपला सूर धरतो, ते चिपळ्या उचलतात.