नववी पुडी

तिसरी पुडी अनंतकृष्णरावांनी उलगडली आणि आतला कीटक टेबलावर निसटला. त्यांनी चिमटा बाजूला ठेवला आणि ओल्या कुंचल्याच्या टोकानं त्याला हळूच उचलून भिंगाखाली घेतलं. एक नव्हता, दोन होते. एक थोराड हिरवा, एक बारका काळा, मागच्या टोकांनी एकमेकांना जोडलेले. पहिल्या दोन पुड्यांतही हेच निघालं होतं.

हे ढेकूणच, पण खाटेतले नव्हेत. झाडाच्या पानांतला रस शोषून जगणारी ही निराळी मंडळी. मद्रासच्या सरकारी कीटक विभागात अनंतकृष्णरावांनी तीस वर्षं त्यांच्याच जाती लावल्या होत्या. वेस्ट मांबलममधले शेजारी त्यांना पाठीमागं 'ढेकूणराव' म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटत नसे.

परसातल्या पडवळाच्या मांडवावर दोन्ही ढेकूण सापडत. हिरवा जुनाच, कुणा परदेशी माणसानं कधीच नाव ठेवलेला. काळा मात्र त्यांनी बावन्न साली नवी जात म्हणून जगापुढं मांडला होता. शास्त्रीय नावापुढं ते नाव ठेवणाऱ्याचं नाव लागतं. पुढं 'राव' लागलेला तो त्यांचा एकुलता एक जीव. आणि आता काळा हा हिरव्याचा नर निघाला, तर ती जात उरणारच नव्हती.

"अप्पा, काप्पी निवूलागली," विशालाक्षी दारातून म्हणाली. आईच्या दिवसांसाठी ती तंजावरहून आली होती आणि महिना झाला तरी परत गेली नव्हती.

"हा डबा तुला सापडला कुठं?"

"सापडला नाही. अम्मानंच दिला, आस्पत्रीत जायच्या आदल्या दिवशी. म्हणाली, अप्पा ढेकणांचं विचारतील तेव्हा दे. तुम्ही विचारूलागाल म्हणून वाट पाहिली. उद्या माझी गाडी आहे. म्हणून न विचारताच दिला."

कापराचा जुना पत्र्याचा डबा. आत अजून चार वड्या होत्या, म्हणून पुड्यांना कीड लागली नव्हती. देवळातल्या कुंकवाच्या पुडीसारखी प्रत्येकीची घडी नेमकी, आणि कागद भिंतीवरच्या रोजच्या कॅलेंडरचा. पान फाडायचं, त्यातच ढेकूण बांधायचे, म्हणजे तारीख वेगळी लिहायला नको. त्रेपन्नपासून साठपर्यंत दरसाल एक पान, सगळी पुरट्टासी या तमिळ महिन्यातली. मांडव पडवळांनी लगडायचा तो महिना.

त्रेपन्नचा पुरट्टासी त्यांना आठवला, आणि आठवला नसता तर बरं, असंही वाटलं. विभागातले चौघे बाहेरच्या खोलीत काप्पी पीत बसले होते. त्यांची बायको कृष्णवेणी परसातून मूठ मिटून तिथं आली. एरवी ती परक्यांपुढं येत नसे.

"अहो, हे दोघं वेगळे नव्हेत," ती म्हणाली होती. "नवराबायको आहेत."

चौघे हसले. त्यांच्याबरोबर अनंतकृष्णरावही हसले. मग वर्गात शिकवावं तसं त्यांनी तिला ऐकवलं, की एका जोडीनं शास्त्र होत नाही. दरसाल पाहावं लागतं, तारीख ठेवावी लागते, आणि एखाद्या साली काही दिसलं नाही तर तेही मांडावं लागतं. ती मान डोलावून आत गेली.

त्याआधी कितीतरी वर्षं ती त्यांना काय काय आणून द्यायची! विभागाच्या कपाटातले निम्मे ढेकूण पहिल्यांदा तिच्याच नजरेला पडलेले. चिठ्ठ्यांवर नाव मात्र रावांचं. त्या दिवसानंतर तिनं एकही आणला नाही. तिला कंटाळा आला असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. तसं समजणं सोयीचंही होतं.

एकोणसाठची पुडी उघडली तर आत काहीच नाही. त्यांनी पान झटकलं, टेबलावर भिंग फिरवलं, मग गुडघे टेकून जमीनही पाहिली.

"पडलं वाटतं कुठंतरी."

"पडलं नाही, अप्पा. त्या साली दिसलेच नाहीत. अम्मा महिनाभर रोज सकाळी मांडवाखाली उभी असायची. शेवटच्या दिवशी रिकामंच पान बांधलं. मी म्हटलं, अम्मा, हे कशाला? तर म्हणाली, तुझ्या अप्पांचा नियम आहे."

अनंतकृष्णरावांनी चष्मा काढला. तो नियम त्यांनी शास्त्रासाठी सांगितला नव्हता. चार माणसांसमोरून तिला आत घालवायला सांगितला होता. तिनं तो खरा मानला आणि आठ वर्षं पाळला. लेकीसमोर ते कधी रडले नव्हते; त्या दिवशी रडले.

टेबलाच्या कोपऱ्यात राजगोपालची प्रूफं पडली होती. हा त्यांच्या हाताखालचा हुशार तरुण मद्रास इलाख्यातल्या झाडांवरच्या ढेकणांची सूची छापत होता आणि सोमवारी त्याला ती तपासून हवी होती. एकशे बाराव्या ओळीत काळा ढेकूण होता, आणि पुढं 'राव, १९५२'. मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते. डबा देवाच्या फळीवर कापराशेजारी ठेवून दिला असता, तर कुणाला पत्ताही लागला नसता. खोटं कशाला सांगायचं, तो विचार त्यांच्या मनात आला, आणि रात्रभर राहिला.

सोमवारी राजगोपालनं प्रूफं चाळली आणि एकशे बाराव्या ओळीपाशी त्याचं बोट थांबलं. तांबड्या शाईची रेघ आरपार गेली होती.

"सार, ही तर तुमची जात!" तो तमिळमध्ये म्हणाला.

"जात नाही ती. हिरव्याचा नर आहे. नाव जुनंच राहील."

"पण पुरावा?"

त्यांनी डबा पुढं सरकवला. राजगोपालनं एकेक पुडी भिंगाखाली पाहिली. रिकाम्या पुडीवर तो बराच वेळ थांबला, पण तिच्याविषयी त्याला काही सांगावं लागलं नाही.

"आठ सालांची नोंद," तो हळूच म्हणाला. "सार, निरीक्षण कुणाचं म्हणून लिहू? तुमचंच ना?"

अनंतकृष्णरावांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या ध्यानात आलं, की सदतीस वर्षांच्या संसारात त्यांनी हे नाव बाहेरच्या माणसापुढं कधी घेतलंच नव्हतं.

"कृष्णवेणी," ते म्हणाले. "नुसतं तेवढंच लिही, पुढं राव नको. नाहीतर माझं समजतील."

डबा त्यांनी घरी परत आणला. विशालाक्षी तंजावरला गेली होती. परसात आडी महिन्यात कृष्णवेणीनंच लावलेला वेल मांडवभर पसरला होता, आणि पडवळं सरळ वाढावीत म्हणून कुणीतरी त्यांच्या टोकांना दगड बांधायला हवे होते. ते त्यांनी बांधले. मग पुरट्टासी लागल्यापासून रोज सकाळी, कचेरीला जायच्या आधी, ते मांडवाखाली उभे राहू लागले. पानं उलटून पाहिली, देठ पाहिले. मुंग्या दिसल्या, कोळी दिसले. एकदा एक हिरवा दिसला असं वाटलं, पण ते कोवळं पान निघालं.

पुरट्टासीच्या शेवटच्या दिवशीही त्यांनी उजाडल्यापासून नऊपर्यंत शोधलं; काही दिसलं नाही. मग आत येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडलं. घडी काही तिच्यासारखी बसेना. तिसऱ्या खेपेला जरा बरी जमली. तारीख वर येईल अशी ती पुडी त्यांनी आठव्या पुडीशेजारी ठेवली आणि डब्याला झाकण लावलं.