अंबुआक्काचा अंगठा

केळकोंडचा गवळीवाडा उठणार हे मला खानापूरच्या बसस्टँडवर कळलं. आत जंगलात, डोंगराच्या माथ्याखाली बारा घरं. गवताची छपरं, कुडाच्या भिंती, माणसांपेक्षा म्हशी जास्त. तिथल्या एका खोलीच्या शाळेत मी सहा वर्षं शिकवलं. मग बदली होऊन निपाणीला, माझ्या गावी आले. वाडा हलवायचं फॉरेस्टवाले तेव्हाही म्हणत होते, पण वाड्याचा कारभारी रवळू त्यांना चहा पाजून परत पाठवायचा.

मे महिन्यातल्या एका रविवारी मी वर गेले. डांबरी रस्ता संपल्यावर दोन तास चालायचं. मधला ओढा कोरडा होता.

रवळू अंगणातच भेटला. फार थकलेला दिसला.

"या बाई. शेवटचं बघून घ्या," तो म्हणाला.

"आणि अंबुआक्का कुठंय?"

त्यानं तोंड फिरवलं. "असंल घरात. आमी कोण तिच्यासंगं बोलत न्हाय."

"का हो?"

"वाडा सोडायच्या फॉरेस्टच्या कागदावर पयला अंगठा तिनं दिला. माझ्या सख्ख्या भावाची बायको! तिनं दिला, मग लेकराबाळांच्या घरांनी बी दिला. मी एकटा काय करणार?"

मला खरं वाटेना. अंबुआक्का विधवा, वाड्यात सगळ्यांत जुनी. कुठल्या झाडाखाली कुठला देव, कुठली म्हैस कुणाच्या पोटची, सगळं तिच्या जिभेवर. मी नवीन आले तेव्हा माझं आडनाव कळल्यावर बायका मला वरून पाणी ओतायच्या. अंबुआक्कानं तिसऱ्या दिवशी स्वतःचा तांब्या माझ्या हातात दिला. "तोंड लावून पी गं," एवढंच म्हणाली. त्यानंतर वाड्यात मला कुणी वरून पाणी घातलं नाही.

ती चुलीपुढं बसून लोणी कढवत होती. मला बघून उठायला गेली, पण गुडघ्यानं साथ दिली नाही. मीच शेजारी बसले.

"आक्का, जयाचं कळलं होतं मला. यायला जमलं नाही."

जया तिची एकुलती एक लेक. माझ्या वर्गात होती. खानापुरात दिली होती, आणि पहिल्या बाळंतपणात गेली, एवढंच मला माहीत होतं.

आक्कानं चुलीत लाकूड पुढं सारलं. मग म्हणाली, "जावई म्हणाला हुता, हितं दवाखाना जवळ हाय, ऱ्हाऊ दे. मीच हट्ट केला. पयलं बाळंतपण म्हायेरातच व्हाया पायजे, म्हणलं. मी काय कमी बायकांची सोडवणूक केलीया? धा वाड्यांतनं मला बोलवायची."

"मग?"

"पोर आडवं हुतं, बाई. दोन दिस माझ्या हातानं केलं ते केलं. मग पोरांनी झोळी केली. पाऊस धरलेला. ओढ्याला आलो तर पाणी गळ्याएवढं. सकाळपासनं दुपारपातूर काठावर बसलो. जया म्हणत हुती, आये, पाणी उतरलं का बघ. मी म्हणायची, उतरतंय बघ बाळा. उतरत नव्हतं."

लोणी करपायला लागलं होतं. मी पातेलं खाली उतरवलं.

"तिथंच गेली. दोघं बी. वरच्या अंगाला जांभळाखाली हायेत."

"हे रवळूअण्णांना सांगितलंत का, अंगठा का दिला ते?"

"त्यो झोळीला खांदा द्यायला हुता. त्याला म्हाईत न्हाय व्हय?" ती म्हणाली. "त्याचं बी बरोबर हाय. देव हितं, म्हशी हितं. पण आता दोन सुना पोटुशी हायत वाड्यात. म्या कुठल्या तोंडानं गप बसू?"

परतताना मी नको म्हणत असतानाही ती माझ्याबरोबर ओढ्यापर्यंत आली. जांभळाखाली दगडांची रास होती, एक मोठी आणि तिला लागून एक लहान. आक्कानं वरचा पाला काढला, दोन दगड सारखे केले.

"हिला मात्र हितंच सोडून जायाचं," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

पावसाळ्याआधी वाडा खाली उतरला. हायवेजवळ पत्र्याची बारा घरं, एका रांगेत. चरायला रान नाही, म्हणून म्हशी महिन्याभरात बाजाराला गेल्या. रवळू दिवसभर रस्त्याकडं तोंड करून बसायचा. ऑगस्टमध्ये दोन्ही सुना दवाखान्यात सुखरूप बाळंत झाल्या. त्यांतल्या एकीचं, सौम्याचं बाळ पायाळू होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत म्हणून वाचलं.

बारशाला मलाही बोलावणं होतं. मांडवात सगळा वाडा होता. अंबुआक्का दिसली नाही, म्हणून मी शेवटच्या घराकडं गेले. ती दारात बसून होती, नवं लुगडं नेसून.

"चला की आक्का."

"बोलावलं न्हाय, बाई."

"मी बोलावते."

"तू न्हाय. त्यांनी बोलवाया पायजे." तिनं मला हातानं परत जायची खूण केली. "जा तू. पाळणा म्हणतील आता. हितनं बी ऐकू येतंय मला."

मी गेले नाही. तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसले. पलीकडं बायकांनी पाळणा सुरू केला. रस्त्यावरून मोठे ट्रक जात होते. एक ट्रक गेला की मधलं कडवं ऐकू यायचं नाही, आणि आक्का ते हलक्या आवाजात स्वतःच म्हणायची.