आग्नेयेकडे पाहणारी छत्री

मित्रांनो, मी एक जुनी छत्री आहे. पण मला काखेत मारून कोणी पावसात नेत नाही. पावसात मी एकटीच छतावर उभी असते. शहरातले लोक मला डिश म्हणतात. आमच्या नंदुरबारकडे मात्र छत्री हेच माझे नाव, आणि मला ते आवडते. पत्र्याचे गोल पोट, पुढे आलेली एक दांडी आणि दांडीच्या टोकाला डोळा, एवढाच माझा संसार. आभाळातून जे पडेल ते पोटात झेलायचे, डोळ्याने टिपायचे आणि तारेतून खाली टीव्हीकडे धाडायचे. मी फुकटचे चॅनल दाखवणारी आहे, रिचार्ज मागत नाही. म्हणून काही जण मला हलकी समजतात. समजोत बापडे.

कुठल्याशा कारखान्यात पत्रा दाबून मला घडवले आणि राखाडी रंग फासला. त्यातले मला फारसे आठवत नाही. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते धानोऱ्याला, हेमकांत सरांच्या घरी. सर शाळेत विज्ञान शिकवत. घरची शेती होती, ती त्यांची बायको शीला पाहत असे. आणि घरावर राज्य होते सरांच्या आईचे, दगूबाईंचे.

मला आणण्याचे कारण शीला होती. आमच्याकडे लाल मिरची जमिनीवर पसरून वाळवतात. शीलाने बांबूचा उंच मांडव केला, त्यावर जाळी ताणली आणि मिरची त्या जाळीवर वाळवली. ना माती, ना खडे. दगूबाईंना ते मुळीच पटले नव्हते. "मिरचीले खाटलावर कोन निजाडस?" असे त्या येता-जाता म्हणत. पण त्या मिरचीचा रंग पाहून टीव्हीवरच्या शेतीच्या कार्यक्रमाची माणसे धानोऱ्याला आली, शीलाशी बोलली, चित्रीकरण करून गेली. शुक्रवारी साडेपाचला, एकदाच दाखवणार, असे त्यांनी सांगितले. मोबाइलला गल्लीत रेंज नव्हती. चॅनलच येत नसल्याने घरचा टीव्ही कधीचा मुका पडला होता. म्हणून सरांनी मंगळवारी मला मोटारसायकलला बांधून आणले. आणि सुनेच्या मांडवाला नावे ठेवणाऱ्या दगूबाईंनी त्याच संध्याकाळी सगळ्या गल्लीला शुक्रवारचे आमंत्रण देऊन टाकले.

सर म्हणाले, "कारागीर कशाले? हाई ते मन्हा विषय शे." त्यांनी माझा खांब पाण्याच्या टाकीखालच्या लोखंडी घोडीला तारेने बांधला आणि आईच्या हुकमाप्रमाणे माझे तोंड पूर्वेला केले. घरात येणाऱ्या नव्या वस्तूने आधी पूर्व पाहायची, ही दगूबाईंची रीत. सरांना ठाऊक होते की माझे तोंड तिकडे नसते. पण वर्गात चाळीस पोरांना गप्प बसवणारे सर आईपुढे स्वतःच गप्प बसत. मी पूर्वेला पाहत राहिले. टीव्हीवर 'सिग्नल नाही' एवढीच पाटी. बुधवार गेला, गुरुवार गेला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

गुरुवारी संध्याकाळी शीला जिन्यात येऊन हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. नही दिसनं ते नही दिसनं." एवढे बोलून ती खाली गेली. मग सरांनी छताच्या कोपऱ्यात रेंज शोधून नंदुरबारला छत्र्या बसवणाऱ्या हारुनभाईंना फोन लावला.

शुक्रवारची नमाज आटोपून हारुनभाई तीन वाजता आले. पिशवीत ड्रिल, पाने, एक छोटा मीटर आणि गवंडी वापरतात तसा ओळंबा. सरांची कारागिरी पाहून ते हसले नाहीत. त्यांनी खांबाशी ओळंबा धरला. खांब चांगला दोन बोटे कलला होता. "सर, खांब वाकडा ऱ्हायना ते आभाय सापडस नही," ते म्हणाले. त्यांनी मला उतरवले, टाकीपासून दूर कठड्याला भोके पाडून बोल्ट ठोकले आणि खांब असा सरळ उभा केला की मला पहिल्यांदा आपल्या पायांवर उभे राहिल्यासारखे वाटले. मग माझे तोंड धरून ते मला उजवीकडे वळवू लागले.

खाली अंगणात काठी आपटली. दगूबाई बाजेवरून पाहत होत्या. "दादा, तठे नही. तठे दखीन शे. मन्हा घरमा नवी वस्तू यमनाकडे तोंड करीसन बसस नही."

"माय, उपग्रह तिकडेच शे," सर वरून म्हणाले.

"मंग तुन्हा उपग्रहले सांग, जरासा पूर्वले सरक."

पावणेपाच वाजले होते. गल्लीतल्या बाया सतरंजी घेऊन ओसरीवर येऊ लागल्या होत्या. शीला स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी होती. दुसरा एखादा कारागीर पिशवी उचलून चालता झाला असता. हारुनभाईंनी मात्र कठड्यावरून वाकून शांतपणे विचारले, "माय, तुम्हनी चूल घरमा कोनता कोपराले शे?"

"आग्नेयले. आखो कोठे ऱ्हाई?"

त्यांनी मला जिथे वळवायचे तिथे वळवले. ओळंब्याचा दोरा माझ्या दांडीला बांधला, माझ्या नजरेच्या रेषेत छतावरून पलीकडच्या कठड्यापर्यंत ताणला आणि ओळंबा खाली सोडला. तो हेलकावे खात खाली गेला आणि चुलीच्या खिडकीसमोर येऊन थांबला.

"दखीन तठे, पूर्व अठे," हारुनभाई म्हणाले. "छत्री मझारमा, चूलनाकडे देखी ऱ्हायनी."

दगूबाईंनी ओळंब्याकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मंग असं सांगानं ना पहिले," त्या म्हणाल्या आणि काठी बाजूला ठेवली.

मग काय विचारता! हारुनभाईंनी मीटर जोडला आणि मला केसभर इकडे, केसभर तिकडे करू लागले. मीटर आधी उचक्या दिल्यासारखा वाजत होता. एका जागी त्याचा आवाज सलग झाला, आणि माझ्या पोटात आभाळ भरले. तो क्षण मी आयुष्यात विसरणार नाही. त्यांनी नट आवळले. पावसाचे पाणी डोळ्यात शिरू नये म्हणून तारेला खाली झोळ दिला. शेवटी शीलाकडून नेलपॉलिशची बाटली मागून घेतली आणि खांबापासून माझ्या पकडीपर्यंत एक लाल रेघ ओढली. "कधी हालनी ते हाई रेघ सांगी," ते म्हणाले.

मित्रांनो, माझ्यातून सगळे जाते, पण मला चित्र दिसत नाही. ऐकू मात्र येते. साडेपाचला खालून शीलाचा आवाज आला, शाळेतल्यासारखा जपून बोललेला. मिरची वाळली हे कसे ओळखता, असे कुणी तरी तिला विचारले.

"कानाशी धरून हलवायची. आतले बी वाजले की वाळली," ती म्हणाली. "हे मला माझ्या सासूबाईंनी शिकवले."

ओसरीवरून दगूबाईंचा आवाज आला, "आवाज जरा मोठा करा." तो इतका मोठा केला की समोरच्या गल्लीतही ऐकू गेला.

त्यानंतर कितीतरी वर्षे मी त्या घराला बातम्या दिल्या, भजने दिली, क्रिकेट दिले. गल्लीत आणखी चार छत्र्या आल्या आणि माझ्याकडे पाहून त्यांची दिशा ठरली. मग घरोघर इंटरनेटची तार आली, प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा आला. माझ्या दांडीला कुणी कपड्यांची दोरी बांधली. कावळ्याने काड्या आणल्या. कडेला गंज धरला. गेल्या उन्हाळ्यात वावटळीने मला पार फिरवले आणि खाली पुन्हा तीच पाटी लागली, 'सिग्नल नाही'. महिनाभर कोणी वर आले नाही.

एके दिवशी सर म्हणाले, "माय, छत्री काढी टाकतस. मिरच्या वाळाडाले कामी यी."

दगूबाई आता वाकल्या आहेत. त्या म्हणाल्या, "अकरा वरीस शीला मन्हा घरमा व्हती. पन मी तिले पहिल्यांदा देखी ती हाई छत्रीमुये. तिले हात लावानं नही. हारुन दादाले बलाव."

शीला जिन्यात होती. ती वर आली, दोरी सोडली, काड्या काढल्या आणि आपल्या पदराने माझा डोळा पुसला. दुसऱ्या दिवशी हारुनभाई आले. दाढी पांढरी झाली आहे, ओळंबा तोच आहे. रेघ फिकट झाली होती, पण होती. त्यांनी तिचे दोन तुकडे जुळवले आणि मीटर पहिल्याच झटक्यात सलग वाजला.

मित्रांनो, तुमच्या छतावर माझी एखादी बहीण असेल, तर वर्षातून एकदा तिचा नट पाहा, तिच्या अंगावरची दोरी सोडा. आणि ती बिघडली तर आपल्या हाताने फिरवत बसू नका, जाणत्या माणसाला बोलवा. मी अजून आग्नेयेलाच पाहते. तिथे खाली चूल आहे आणि संध्याकाळी चुलीपाशी सासू-सून दोघी बसलेल्या असतात, मिरची कानाशी धरून.