पॉइंट सात

तिने एंटर दाबलं आणि लॅपटॉप बाबांच्या मांडीवरच्या उशीकडे सरकवला. काळ्या पडद्यावर आकडे उमटू लागले, दर दोन सेकंदांनी एक.

"एक... दोन... तीन..." बाबा वाचत होते. जीभ जड होती, पण आकडे ओळखू येत होते.

मेंदूत रक्तस्राव होऊन चार महिने झाले होते. उजवं अंग लुळं पडलं होतं आणि बोलणं पार गेलं होतं. उरले होते ते आकडे. "ते पाठ असतात, आपसूक ओठांवर येतात," वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी बजावलं होतं. "त्याला बोलणं समजू नका. पण सवय सोडू नका." म्हणून सुट्टी टाकून तिने हा छोटा प्रोग्राम लिहिला होता. सुरुवात, टप्पा आणि शेवट टाइप केला, की तो मधले सगळे आकडे छापायचा. कामावर तिने याहून कितीतरी किचकट गोष्टी लिहिल्या होत्या, पण इतका जीव ओतून एकही नाही.

दोनच्या टप्प्याने झालं, पाचच्या झालं. बाबांची नजर खिडकीबाहेर जाऊ लागली. तेव्हा तिला सुचलं. कारखान्यात सुटे भाग तपासण्यात बाबांचा जन्म गेला होता. केसाएवढा फरक निघाला तरी ते माल परत पाठवायचे. त्यांचे रोजचे आकडे दशांशातले. तिने प्रोग्रामला पॉइंट एकपासून पॉइंट सातपर्यंत जायला सांगितलं, पॉइंट एकच्या टप्प्याने.

बाबा सावरून बसले.

"पॉइंट एक... पॉइंट दोन..."

पॉइंट सहा आलं आणि पडदा थांबला.

"छान!" म्हणत ती लॅपटॉप उचलू लागली, तोच बाबांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. कपाळाला आठ्या पडल्या होत्या. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. ती तशीच वाकून थांबली.

"चु..." त्यांनी दम घेतला. "चुकलं."

लहानपणी या एका शब्दाच्या धास्तीने ती त्यांच्यापासून वह्या लपवायची. आता तिला तो पुन्हा ऐकायचा होता.

"सात..." बाबांनी पडद्यावर बोट टेकवलं. "कुठाय?"

खरंच नव्हतं. दशांशांच्या हिशेबात संगणक बारीकशी कसर ठेवतो. तिने ती धरलीच नव्हती आणि शेवटचा आकडा गळाला होता. अगदी नवशिक्याची चूक.

आई चादरीची घडी अर्धवट टाकून दारात आली.

"हे काही बोलले का गं?"

"हो."

"काय?"

"'चुकलं' म्हणाले, माझ्या प्रोग्रामला." ती हसत होती आणि गालावरून पाणी ओघळत होतं.

आई पलंगाच्या कडेला टेकली.

"मग दुरुस्त कर ना," ती म्हणाली, "आणि परत दाखव त्यांना. बघू, आणखी काय खोट काढतात."