दोन खोकी अंजिराची

धाकटी चहा टाकायला आत गेली आणि थोरलीने मगभर पाणी तिच्या खोक्यात ओतलं. घाईघाईने नाही, प्रत्येक रोपाच्या बुडाशी, हळूहळू, मायेने घालावं तसं. अंजिराची पंचवीस छाटकलमं होती, वीतभर उंच, दोन-तीन पानांची. नव्या मुळांभोवती ओलसर शेवाळ आणि त्यावर इवलीशी प्लॅस्टिकची पिशवी. पिशव्या टम्म फुगल्या. तिने खोकं बंद केलं, चिकटपट्टी ओढली आणि दातांनी तोडली.

शेजारी तिचं स्वतःचं खोकं कालपासून बांधून तयार होतं. आपण काही वावगं केलेलं नाही, असं तिने ठरवून टाकलं. सोळा वर्षं ती सासऱ्यांच्या रोपवाटिकेत याच टेबलावर रोपं बांधत होती आणि दर वेळी असंच भरपूर पाणी घालत होती. एवढ्या लांब निघालेल्या रोपाला तहानलेलं का पाठवायचं? काल स्वतःच्या खोक्यातही तिने एवढंच घातलं होतं. दोघी जावांना सारखा न्याय!

दोन वर्षांपूर्वी धाकटी लग्न होऊन आली आणि महिन्याभरातच म्हणाली होती,

"ताई, शेवाळ जरा पिळून घेऊ या का? बंद खोक्यात मुळं कुजतात हो."

"तू मला शिकवणार? तुला अंजिराचं पान तरी ओळखता येतं का?"

त्यावर ही नुसती हसली. भांडली असती तर बरं झालं असतं. पुढे पुढे गिऱ्हाइकंच सांगू लागली, धाकट्या सूनबाईंनी बांधलेली रोपं द्या. थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. धाकटीचं बरोबर आहे हे तिला केव्हाच कळलं होतं. कळलं म्हणूनच तर शेवाळ पिळायचं नाही, असा तिने हट्ट धरला होता.

आता एका मोठ्या बागवाल्याने दोघींकडून एकेक खोकं मागवलं होतं. सासऱ्यांनी सांगूनच टाकलं होतं, जिची रोपं जगतील तिच्याकडे बांधणीचं टेबल, दुसरीने मागे बसून कुंड्या भरायच्या. सोळा वर्षांनंतर कुंड्या! त्या दिवसापासून थोरलीला धड जेवण गेलं नव्हतं.

कुरिअरवाला आला, दोन्ही खोकी घेऊन गेला. धाकटीने चहाचा कप तिच्या हातात दिला. तो तिने बेसिनमध्ये ओतला.

बाराव्या दिवशी सासरे फोन नाचवत शेडमध्ये आले.

"थोरले, जिंकलीस! तुझी पंचवीसच्या पंचवीस जगली. हिच्या सगळ्या रोपांची मुळं काळी पडली."

थोरलीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दोन वर्षांत एवढं मोकळं तिला वाटलं नव्हतं.

"आणि ऐक, काय लिहितोय. थोरल्या बाईंनी शेवाळ इतकं नेमकं पिळलं होतं की मुठीत दाबलं तर जेमतेम एक थेंब निघाला."

तिने फोन हातात घेतला. फोटोत खोकं तिचंच होतं. पिशव्यांवर दुहेरी वेढ्याचे रबरही तिच्याच पद्धतीने घातलेले. सासरे तिच्या हातून फोन घेऊन बागवाल्याशी बोलायला बाहेर गेले, तशी ती धाकटीजवळ गेली.

"माझ्या खोक्याला कधी हात लावलास?"

धाकटीची मान खाली गेली. कान लाल झाले.

"त्या दिवशी सकाळी. तुम्ही आंघोळीला गेला होतात तेव्हा शेवाळ पिळलं आणि परत तुमच्यासारखंच बांधून ठेवलं. रागावू नका ना ताई. म्हटलं, दोघींचीही जगू देत. पण माझी कशी गेली, तेच कळत नाहीये."

थोरलीला लाज वाटली, पण त्याच्या आधी पोटात दुखलं. चांगुलपणातही हीच पुढे! एक तरी गोष्ट हिने आपल्यासाठी ठेवायची होती.

सासरे हसत आत आले आणि टेबलावरची धाकटीची कात्री, दोरा, पिशव्या उचलून मागच्या फळीवर नेऊ लागले. धाकटी मुकाट्याने उठून त्यांना मदत करू लागली.

"बाबा, ठेवा ते खाली," थोरली म्हणाली. "दोन्ही खोकी हिनेच बांधली होती. एकात पाणी तेवढं माझं होतं."