आधी बघा, मग फेका

मुखवटा म्हटलं की तुम्हाला नाटक आठवेल. मी तसला नव्हे, मित्रांनो. मी बेसबॉलमधल्या कॅचरच्या तोंडावरची लोखंडी जाळी. आता म्हातारा झालोय. माझे दोन गज वाकलेत, हनुवटीची गादी उसवलीय. आणि आधीच सांगून टाकतो, मी मत्सरी आहे. बारा वर्षं मी एका हातमोज्यावर जळलो. खोटं कशाला बोलू, अजूनही जळतो.

ओसाकाच्या एका कारखान्यात माझे गज जोडले गेले. एका चष्मेवाल्या कारागिराने घोड्याचे केस भरून माझ्या गाद्या शिवल्या, मला हातोडीने तीनदा ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "कॅचरचं नाक शाबूत राहिलं म्हणजे झालं." मी फुगलो. मग दुकानाच्या फळीवर माझ्या शेजारी तो येऊन बसला. गुबगुबीत, तपकिरी, नव्या चामड्याच्या वासाचा हातमोजा. मी त्याला पहिल्या दिवसापासून जाड्या म्हणतो.

शिगेमात्सुने आम्हा दोघांना एकाच दिवशी नेलं. तेव्हा तो आमच्या बंदरातल्या संघात नवा होता, चार वर्षांनी कॅप्टन झाला. फलंदाजाच्या मागे उकिडवं बसायचं, बोटांच्या खुणांनी पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, कसा चेंडू टाकायचा ते सुचवायचं आणि आलेला चेंडू जाड्यात झेलायचा, हे त्याचं काम. पिचर होता ओकिता. आमच्याकडे कॅचरला पिचरची बायको म्हणायची पद्धत आहे. त्यामुळे ओकिता रोज हाक मारायचा, "काय बाईसाहेब, आज स्वयंपाक काय?"

"तुझं डोकं शिजवतो. मुकाट्याने खाली टाक चेंडू," शिगेमात्सु म्हणायचा.

आणि लाड कुणाचे? जाड्याचे! रोज सामना संपला की त्याला तेल, त्याला मऊ फडकं. मग पोटात चेंडू ठेवून त्याला पट्ट्याने बांधायचं आणि उशीशेजारी निजवायचं. शिगेमात्सुची बायको फुमिए वैतागायची. "अहो, गादीवर जनावर कशाला? मी झोपू कुठे?"

मी कुठे? मी खिळ्यावर. ताशी शंभर मैलांनी उडालेले चेंडू माझ्यावर आदळायचे, घाम नि थुंकी माझ्या अंगावर सांडायची, आणि "कॅप्टनचा हात बघा!" म्हणून टाळ्या पडायच्या जाड्यासाठी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

पण याहून मोठं दुःख दुसरंच होतं. चेंडू उंच हवेत चढला की तो नीट दिसावा म्हणून कॅचर पहिल्यांदा काय करतो? मुखवटा फेकतो. जिंकला की काय करतो? मुखवटा फेकतो आणि धावत जाऊन पिचरला मिठी मारतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. ओकिताच्या पाठीवर जाड्या, ऐटीत. मी कुठेतरी मातीत पालथा. मग पंच मला उचलायचे, धूळ झटकून परत द्यायचे. शिगेमात्सुने मला स्वतः उचललंय असं एकदाही झालं नाही. मी मोजत होतो ना.

अकराव्या वर्षी आम्ही अजिंक्यपदाच्या शेवटच्या सामन्यात पोचलो. नववा, म्हणजे शेवटचा डाव, आम्ही एका धावेने पुढे, समोरचा एक गडी बाद झाला की संपलं. फलंदाजाने बॅट फिरवली आणि चेंडू सरळ वर, आमच्याच डोक्यावर चढला. शिगेमात्सुने मला ओरबाडून काढलं आणि पायाशी टाकलं. मग त्याने वर बघितलं. चेंडू मागे जातोय असं वाटून तो दोन पावलं मागे गेला. पण त्या दिवशी समुद्रावरून वारा होता. चेंडू पुढे वळला, तोही वळला, आणि त्याचा पाय माझ्यावर पडला.

तो कोसळला. चेंडू जाड्याच्या कडेला लागून मातीत गेला.

मित्रांनो, मला पाय नाहीत, मी सरकू शकत नव्हतो. पण खरं सांगू? जाड्याच्या हातून चेंडू सुटला तेव्हा एक क्षण मला बरं वाटलं. नंतर मी शिगेमात्सुचं तोंड बघितलं आणि माझं मलाच वाईट वाटलं. पुढच्याच चेंडूवर त्या फलंदाजाने षटकारासारखा मैदानाबाहेर फटका मारला. धावा बरोबरीत आल्या आणि पुढच्या डावात आम्ही हरलो.

पत्रकारांनी गराडा घातला. "कॅप्टन, पाय कशात अडकला?"

"कशात नाही. माझा अंदाज चुकला," तो म्हणाला. माझं नावसुद्धा घेतलं नाही त्याने.

संघाचं सामान सांभाळणारे तोकुजीकाका मला चिमटीत धरून म्हणाले, "नवीन घ्या, कॅप्टन. हा मेला अपशकुनी आहे."

"तो काय चालत आला माझ्या पायाखाली?" शिगेमात्सु म्हणाला. "आणा इकडे."

पण घरी आल्यावर त्याने मला खोक्यात टाकलं. कॅप्टनपद सोडतो, खेळच सोडतो, असं त्याचं चाललं होतं. मी खोक्यात अंधारात पडून ऐकत होतो. तो गेला की मीही भंगारात जाणार, हे मला कळत होतं. शेवटी एका सकाळी सूप वाढता वाढता फुमिए म्हणाली, "एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार."

"तुम्ही आधी त्याला फेकलंत, आणि मग वर बघितलंत. मी टीव्हीवर पाहिलं. अहो, कचरा टाकतानासुद्धा माणूस आधी बघतो."

"तू मला बेसबॉल शिकवणार?"

"मग काय, ओकिता शिकवणार? चला समुद्रावर."

त्या थंडीत रोज सकाळी फुमिए दोन्ही हातांनी चेंडू वर उडवायची आणि "आई गं!" म्हणून स्वतः खाली बसायची. शिगेमात्सु मला तोंडावरून काढायचा, पण सोडायचा नाही.

"चेंडू दिसला?" ती ओरडायची.

"दिसला!"

"मग फेका आता! लांब!"

दिवसाला दोनशे वेळा मी वाळूत जाऊन पडत होतो. जाड्या मात्र आपला डाव्या हातावर मजेत.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा तिथेच पोचलो. नववा डाव, एकच गडी हवा, आणि चेंडू पुन्हा वर. सगळं मैदान उभं राहिलं. कुणीतरी ओरडलं, "बाईसाहेब, पायाखाली बघा हो!"

शिगेमात्सुने मला काढलं. या वेळी मी त्याच्या मुठीत होतो. डाव्या हातावर जाड्या आणि उजव्या हातात मी! जन्मात पहिल्यांदा मी त्याच्याबरोबर वर बघितलं. चेंडू मागे गेला, वाऱ्याने वळला. त्याची बोटं माझ्या गजांत घट्ट रुतली होती. आणि मित्रांनो, त्या क्षणी माझ्या मनात आलं, सोडू नकोस. सामना गेला तरी जाऊ दे, पण मला सोडू नकोस.

त्याने मला भिरकावलं. लांब, पार कठड्यापाशी. मी मातीत तोंड खुपसून पडलो आणि मागे 'थप्प' ऐकलं. जाड्याने चेंडू झेलला होता.

मग आरडाओरडा, मिठ्या, प्रशिक्षकांना हवेत उडवणं. फोटो निघाले. मी त्यात नाही, हे सांगायला नकोच. पंचही मला विसरले.

बऱ्याच वेळाने जोड्यांचा आवाज आला. ओळखीचा, उजवा पाय जरा ओढत चालणाऱ्याचा. शिगेमात्सु गर्दी सोडून कठड्यापाशी आला, खाली वाकला, मला उचललं. बाहीने माझी एकेक गादी पुसली आणि म्हणाला, "लांब गेलास. बरं झालं."

आज जाड्या संघाच्या काचेच्या कपाटात आहे आणि लोक त्याच्यासमोर फोटो काढून घेतात. माझा जळफळाट होतोच. मी शिगेमात्सुच्या घरी, दाराशी, खिळ्यावर आहे. तो बाहेर जाताना कधी कधी माझ्या वाकलेल्या गजावरून बोट फिरवतो.

मित्रांनो, काम साधायचं तर कुणाला ना कुणाला बाजूला फेकावं लागतं, हे मला आता कळलंय. खुशाल फेका, पण आधी बघून फेका. आणि सगळा जल्लोष झाला की उचलायला या. दुसऱ्या कुणाला पाठवू नका, स्वतः या.